रंगभूमीवरील हुशार चेटकीण

नांदेड-लातूरकडील घरांत चेटकिणीचे नाव निघते ते बहुधा न निजणाऱ्या मुलांस धाक घालण्यासाठी. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण मात्र मुलांस हवीहवीशी वाटते. पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी व २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी ही भूमिका गाजविली. स्वतःच्या हुशारीची फुशारकी मारणारी ही बया आम्हांस फार आवडते. आपल्या बुद्धीचे कौतुक उघडपणे करणारी स्त्री आमच्या वाङ्मयात विरळाच, आणि इथे तीही पुरुषाने वठविलेली!

रंगमंचाबाहेर मात्र हाच शब्द एखाद्या एकाकी विधवेस चिकटला, तर तिचे गावात राहणे कठीण होते. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटविते, असे सांगून तिला छळणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले असून, त्यास ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी हे मुलांस जरूर सांगावे. नाटक पाहून आल्यावर सांगितले तर अधिक बरे.

सुट्टीत मुलींनी ओसरीवर हा खेळ बसविला, तर इतर भूमिका सहज वाटल्या जातील. चिंचीसाठी तेवढे भांडण होईल.