खिडकी बदलण्यापूर्वी: थंड प्रदेशातील घरांविषयीचे काही गैरसमज

कॅनडातील विनिपेगसारख्या शहरात जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि तेथे जुन्या खिडक्या बदलू पाहणाऱ्या घरमालकापुढे बहुधा पहिला प्रश्न काच दुहेरी घ्यावी की तिहेरी हाच असतो. तावदाने जितकी जास्त तितकी खिडकी उबदार, या समजातून तो प्रश्न येतो. हा समज खोटा नसला तरी अपुरा आहे, कारण उष्णता अडवण्याचे काम काच स्वतः फारसे करीतच नाही. ते काम करतो तावदानांमधील स्थिर वायूचा थर आणि काचेवरचा, डोळ्यांना न दिसणारा लेप. साधी काच आपल्याजवळची उष्णता प्रारणांच्या रूपाने सहज बाहेर टाकते. तिची उत्सर्जनक्षमता ०.८४ इतकी असते. काही नॅनोमीटर जाडीचा चांदीचा थर दिल्यास ती ०.०५ पर्यंत किंवा त्याहूनही खाली येते, आणि अशा काचेला बाजारात ‘लो-ई’ काच म्हणतात. पोकळीत हवेऐवजी आर्गॉन भरतात, कारण त्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे दोन तृतीयांश असते. मात्र पोकळी रुंद करीत गेल्याने लाभ वाढत जात नाही, कारण १२ ते १६ मिलिमीटरच्या पुढे आतील वायू खालीवर फिरू लागतो आणि तोच उष्णता वाहून नेतो. म्हणूनच लेप असलेली, आर्गॉन भरलेली चांगली दुहेरी खिडकी ही लेप नसलेल्या साध्या तिहेरी खिडकीला मागे टाकू शकते.

ही तुलना ‘यू-फॅक्टर’ या अंकाने करता येते. आतल्या व बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना खिडकीच्या एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता बाहेर जाते, हे तो सांगतो, आणि तो जितका कमी तितका चांगला. घरात २१ अंश व बाहेर उणे १६ अंश असताना दीड चौरस मीटरच्या, २.८ यू-फॅक्टर असलेल्या खिडकीतून सुमारे १५५ वॉट उष्णता निघून जाते, तर १.२ असलेल्या खिडकीतून सुमारे ६७ वॉट. परंतु जाहिरातीत छापलेला अंक पुष्कळदा केवळ काचेच्या मध्यभागाचा असतो. चौकट आणि तावदानांच्या कडेने बसवलेली अंतरपट्टी यांतून होणारी गळती त्यात धरलेली नसते, आणि उष्णतारोधक तुकडा न घातलेली ॲल्युमिनियमची चौकट असेल तर ही गळती मोठी असते. म्हणून वाचायचा तो संपूर्ण खिडकीचा अंक.

ऊन अडवणारी काच ती ऊर्जा वाचवणारी काच, हा समज नागपुरात बरोबर ठरेल, विनिपेगमध्ये नाही. खिडकीवर पडणाऱ्या सूर्याच्या उष्णतेपैकी किती वाटा घरात येतो, हे ० ते १ यांमधील एका गुणांकाने मोजतात. थंड प्रदेशात दक्षिणेकडच्या खिडक्यांसाठी तो फार कमी असणे म्हणजे हिवाळ्यात फुकट मिळणारी ऊब नाकारणे होय. कॅनडातील ‘एनर्जी रेटिंग’ हा अंक उन्हाचा लाभ, उष्णतेचा ऱ्हास आणि हवेची गळती या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडतो. २०२० पासून तेथील ‘एनर्जी स्टार’ मानकाने खिडकीपुढे दोन पर्याय ठेवले: यू-फॅक्टर १.२२ किंवा त्याहून कमी, अथवा एनर्जी रेटिंग किमान ३४. पश्चिमेकडच्या मोठ्या खिडकीतून उन्हाळ्याच्या संध्याकाळी खोली तापते, त्यामुळे तिथे मात्र हा गुणांक बेतानेच घ्यावा. सगळ्या दिशांना एकच काच बसवण्याची सोय विक्रेत्याची असते, घराची नव्हे.

सर्वाधिक गोंधळ काचेवर साचणाऱ्या पाण्याविषयी आहे. आतल्या बाजूने ओल दिसली की खिडकी सदोष असे मानले जाते, पण पाणी साचणे हे काचेच्या पृष्ठभागाचे तापमान आणि खोलीतील आर्द्रता या दोहोंवर अवलंबून असते. २१ अंश तापमान व ४० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते तो बिंदू, सुमारे ७ अंशांवर असतो. बाहेर उणे ३० असताना साध्या दुहेरी काचेचा आतला पृष्ठभाग सुमारे ३ अंशांपर्यंत उतरतो, आणि पाणी साचते. चांगल्या खिडकीत तोच मध्यभागी १३ अंशांच्या आसपास राहतो. तरीही नवी खिडकी बसवल्यावर ओल वाढल्याची तक्रार येते आणि ती खोटी नसते, कारण जुन्या फटींतून निघून जाणारी स्वयंपाकाची व आंघोळीची वाफ आता घरातच कोंडते. तिथे उपाय वायुवीजनाचा आहे. उलट, शरद ऋतूतील पहाटे काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसणे हे आतली उष्णता बाहेरच्या तावदानापर्यंत पोहोचत नसल्याचे लक्षण आहे. दोन तावदानांच्या मधोमध धुके दिसले, तरच सील फुटले असे समजावे.

नव्या खिडक्या बिलात वाचलेल्या पैशांतून लवकरच स्वतःची किंमत भरून काढतात, हे विक्रेत्यांचे आवडते विधान बहुतेक घरांना लागू पडत नाही. माळ्यावरचा उष्णतारोधक थर वाढवणे आणि भिंतींमधील फटी बुजवणे यांवर खर्च केलेला पैसा सहसा लवकर वसूल होतो, आणि जुनी लाकडी खिडकी सुस्थितीत असेल तर बाहेरून जादा तावदान बसवणेही पुरते. थंड काचेजवळ बसल्यावर जाणवणारा गारवा नाहीसा होणे हा नव्या खिडकीचा खरा लाभ आहे, परंतु तो बिलात दिसत नाही.

शिवाय उत्तम खिडकीही वाईट बसवली तर वाया जाते. जुनी चौकट तशीच ठेवून तिच्यात नवी खिडकी बसवणे स्वस्त पडते, पण चौकट आणि भिंत यांमधली जुनी फट, तिथली ओल व कुजके लाकूड झाकलेलेच राहते आणि काचेचे क्षेत्रही घटते. संपूर्ण चौकट काढल्यास ती फट उघडी पडून फोमने भरता येते. हा फोम कमी फुगणारा असावा लागतो, अन्यथा त्याच्या दाबाने चौकट वाकते आणि झडप नीट मिटत नाही.