ड्रिलसमोर हातमोजे काढायचे!

डिप्लोमाची इनप्लांट ट्रेनिंग असो, इंजिनीअरिंगची इंटर्नशिप असो की आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप. चाकण, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव... एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटमधून पहिल्यांदा आत जाताना पोटात गोळा येतोच. पायात नवे सेफ्टी शूज, गळ्यात आयकार्ड आणि डोक्यात एकच विचार, ‘आपल्याला काही येत नाही हे कुणाला कळायला नको.’

मित्रांनो, शॉप फ्लोअरवर हाच विचार सगळ्यात महागात पडतो.

एक साधा प्रश्न. ड्रिल मशीनवर काम करताना हातमोजे घालायचे की काढायचे? ‘घालायचे, त्यात काय विचारायचं?’ असं वाटलं ना? उत्तर उलटं आहे. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा एक धागा जरी अडकला, तरी मोज्यासकट बोटं आत ओढली जातात. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. लेथचंही तसंच. धारदार पत्रा उचलताना मात्र मोजे हवेतच. म्हणजे कुठे काय वापरायचं हे कामावर ठरतं. ते अंदाजाने कळत नाही, विचारावंच लागतं.

मोज्यांसारखंच बाकीचंही अडकतं. आयकार्डची दोरी, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, मनगटावरचा दोरा, कडं, अंगठी. शिफ्ट सुरू होण्याआधी हे सगळं बॅगेत टाका, केस घट्ट बांधा.

अजून काही गोष्टी मनात पक्क्या करा. लेथ सुरू करण्याआधी चकमधली चावी काढलीय ना, ते बघा. राहिली तर ती गोळीसारखी उडते. धातूचे कुरळे तुकडे हाताने ओढू नका. मशीन थांबवा, मग ब्रश वापरा. ग्राइंडरवर गॉगल हवाच. चाकावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल, तर ते चाक लावूच नका. आणि कपड्यांवरची धूळ उडवायला कॉम्प्रेसरची हवा अंगावर घेऊ नका. त्या झोताने डोळ्याला, कानाला इजा होते.

आता खरी अडचण. हे सगळं माहीत असतं, पण समोरचा सीनियर म्हणतो, ‘गार्ड काढ रे, काम पटापट होतं.’ पॉवर प्रेस सुरू करायला अनेक ठिकाणी दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणावर, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर, एवढा सरळ हिशेब. त्यातलं एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं की टार्गेट लवकर होतं, पण एक हात मोकळा राहतो आणि प्रेस हाताची वाट बघत थांबत नाही.

अशा वेळी भांडायची गरज नाही. ‘सर, हे मशीन मला अजून शिकवलं नाहीये, एकदा दाखवता का?’ एवढं म्हणा. गार्ड लावूनच काम करेन, हेही शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर सुपरवायझरला किंवा सेफ्टी ऑफिसरला सांगा. चार जण हसतील कदाचित. हसू द्या.

मशीन साफ किंवा दुरुस्त करायचं असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी काम करणाऱ्याच्याच खिशात. नाहीतर तुमचा हात आत असताना तिकडून कुणीतरी सहज स्विच टाकतो.

आणि तरीही काही झालंच तर? लहानशी जखमही लपवू नका, लगेच सांगा. डोळ्यात केमिकल गेलं तर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टर गाठा. बोट तुटलं तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८.

अप्रेंटिस असाल तर अप्रेंटिस कायदा, १९६१ नुसार प्रशिक्षणात अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची असते. कॉलेजतर्फे इंटर्नशिपला जाताय? मग विमा कोण काढणार, हे जॉइन होण्याआधीच कॉलेजला आणि कंपनीला विचारून घ्या.

पहिल्या दिवशी चहाच्या आधी तीन गोष्टी शोधा : आपल्या मशीनचं लाल इमर्जन्सी बटण, प्रथमोपचार पेटी आणि बाहेर पडायचा रस्ता. सापडल्या नाहीत, तर विचारा. पहिल्या दिवशी नवख्याने प्रश्न विचारला तर कुणालाच नवल वाटत नाही.