इलेक्ट्रॉनचा झोत पाहायचा कसा?

तुम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहत असाल, तर इंटरस्टेट २८० वरून स्टॅनफर्डजवळून जाताना रस्त्याखालून आरपार गेलेली एक लांबलचक, सरळ इमारत पाहिली असेल. ती स्लॅक या प्रयोगशाळेची, सुमारे ३ किलोमीटर लांब. तिच्या खाली जमिनीत इलेक्ट्रॉनचा त्वरक आहे. त्याचा शेवटचा किलोमीटर वापरून एप्रिल २००९ मध्ये एलसीएलएस हा क्ष-किरणांचा लेसर सुरू झाला. या लेसरने काय काय दाखवले, यावर भरपूर लिहिले जाते. पण मुळात इलेक्ट्रॉनचा झोत कुठे आहे, केवढा आहे, किती लांब आहे, हे तो चालवणाऱ्यांना कळते कसे?

कल्पना करा. एका पुंजक्यात सुमारे दीडशे कोटी इलेक्ट्रॉन. पुंजक्याची जाडी केसाहून कमी. तो एखाद्या जागेवरून पार व्हायला काही दशक फेम्टोसेकंद लागतात. एका फेम्टोसेकंदात प्रकाशसुद्धा फक्त ०.३ मायक्रॉन जातो.

जागा शोधणे त्यातल्या त्यात सोपे. नळीत चारही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. पुंजका ज्या पट्टीच्या जवळून जाईल तिच्यात विद्युतसंकेत जास्त जोरात उमटतो. पण लेसरच्या मुख्य भागात, म्हणजे अंडुलेटरमध्ये, एवढ्याने भागत नाही. अंडुलेटर ही आलटून पालटून ध्रुव बदलणाऱ्या चुंबकांची शंभराहून अधिक मीटर लांब रांग. तिच्यातून इलेक्ट्रॉन नागमोडी जातात आणि क्ष-किरण सोडतात. इलेक्ट्रॉन आणि त्यांचेच किरण एकमेकांपासून ढळू नयेत म्हणून मार्ग काही मायक्रॉनच्या आत सरळ लागतो. मोजणीची नेहमीची उपकरणे एवढ्या लांबीवर इतकी अचूकता देत नाहीत.

मग झोतालाच विचारायचे! त्याची ऊर्जा मुद्दाम कमी-जास्त करतात. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन नको असलेल्या चुंबकीय ओढीने जास्त वळतात, आणि त्या ओढीत पृथ्वीचे चुंबकत्वही आले. ऊर्जा बदलूनही मार्ग बदलला नाही, तर तो सरळ आहे असे समजायचे. मला या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

झोताचा आकार पाहायचा तर साधा उपाय म्हणजे वाटेत धातूचा पातळ पत्रा धरायचा. इलेक्ट्रॉन त्यातून जाताना किंचित दृश्य प्रकाश निघतो. कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घ्यायचे. जगभर हेच करत. एलसीएलएसमध्ये मात्र यंत्र सुरू करतानाच या पडद्यांनी दगा दिला. पुंजका दाबून आखूड केला की प्रकाश अचानक हजारो पटींनी वाढे, आणि चित्र दर वेळी वेगळे दिसे. चित्र होते, पण ते झोताचे नव्हते.

कारण समजायला नाट्यगृहातल्या टाळ्या आठवा. प्रत्येक जण आपल्या लयीत वाजवतो तेव्हा आवाज माणसांच्या संख्येइतकाच वाढतो. सगळे एका ठेक्यात वाजवू लागले की वेगळीच गर्जना होते. दाबलेल्या पुंजक्यात बारीक बारीक गठ्ठे तयार झाले होते आणि तेवढे इलेक्ट्रॉन एका ठेक्यात प्रकाश देत होते. गंमत अशी, की अंडुलेटरमध्ये लेसर तयार होतो तो याच तत्त्वावर, फक्त तिथले गठ्ठे क्ष-किरणांच्या तरंगलांबीइतक्या अंतरावर असतात. म्हणजे लेसरला हवे तेच पडद्याला नको.

लेसरचा किरण टाकून इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत थोडी विस्कळीतता आणली, त्याने गठ्ठे कमी झाले. पण पडद्यांवर पुरता भरवसा ठेवता आला नाही. शेवटी जुनी पद्धत कामी आली. एक बारीक तार झोतातून हळूहळू सरकवायची आणि किती कण विखुरतात ते पुढे मोजायचे. हे काम कंटाळवाणे असते. एका पुंजक्यामागे आलेखावर एकच बिंदू मिळतो, म्हणून मिळते ती सरासरी. एखादा विशिष्ट पुंजका कसा होता हे तार सांगू शकत नाही.

आणि प्रयोग करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. प्रथिनाच्या स्फटिकाची उधळण होण्याआधी त्याचे चित्र घ्यायचे, तर क्ष-किरणांचा स्पंद किती आखूड होता हे कळायला हवे. सुरुवातीच्या प्रयोगांत अणूंच्या वागण्यावरून असे दिसले की स्पंद इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यापेक्षाही आखूड असावा. पुंजक्याची लांबी मोजून स्पंदाची सांगणे पुरेसे नव्हते.

२०१३ मध्ये अंडुलेटरच्या पुढे एक्सटीकॅव हे उपकरण बसवले. त्यातल्या रेडिओलहरी पुंजक्याच्या डोक्याला एका बाजूला ढकलतात आणि शेपटीला दुसऱ्या, त्यामुळे काळ पडद्यावर आडवा पसरतो. पुढचा चुंबक ऊर्जेप्रमाणे उभे पसरवतो. पुंजक्याच्या ज्या भागाने क्ष-किरण दिले, त्याची ऊर्जा घटलेली दिसते. लेसर चालू असतानाचे आणि बंद असतानाचे चित्र ताडून पाहिले की स्पंदाचा आकार काही फेम्टोसेकंदांपर्यंत कळतो, आणि तोही प्रत्येक स्पंदाचा. क्ष-किरण तोपर्यंत प्रयोगाकडे निघून गेलेले असतात. इलेक्ट्रॉन तर टाकूनच द्यायचे होते.

ही कल्पना नवी नाही. स्लॅकमध्येच १९६० च्या दशकात अशी ढकलनळी बनली होती. तिचे नाव लोला, लोव, लार्सन आणि आल्टेनम्यूलर या तिघांच्या आडनावांवरून. तिच्यातली एक पुढे हॅम्बर्गला गेली आणि तिथल्या फ्लॅश लेसरचे पुंजके मोजू लागली.