सारसबागेतली दिवाळी पहाट

गटाची सहल म्हटली की आपण देवदर्शनालाच निघतो. आज आम्ही अशा जागेविषयी सांगणार आहोत, जिथे देव आहे, बाग आहे आणि दिवाळीच्या पहाटे गाणंही असतं. ती म्हणजे पुण्याची सारसबाग.

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं बांधवलं. मधोमध एक बेट राखलं, त्यावर पुढे बाग फुलली. १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात तिथे सिद्धिविनायकाची स्थापना झाली. तळं गेलं, भोवती महापालिकेची बाग झाली, पण लोक आजही ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात. थंडीत या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात!

दिवाळी पहाट म्हणजे उजाडण्याआधी सुरू होणारी गाण्याची मैफल. भक्तिगीतं, भावगीतं, नाट्यगीतं असतात. गाण्यातलं काही कळायलाच हवं, असं मुळीच नाही. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी आपणच म्हणत आलो. पण हातात काही काम नाही आणि आपण नुसत्या गाणं ऐकत बसलोय, असं शेवटचं कधी झालं होतं, आठवून बघा.

अडचण आम्हालाही ठाऊक आहे. दिवाळीची पहाट म्हणजे उटणं, आंघोळी, फराळ. म्हणून घरात आधीच बोला. फराळ आदल्या दिवशी डब्यात भरून ठेवा. एक सकाळ घरचे सांभाळून घेतील.

जाण्याआधी कार्यक्रमाचा दिवस आणि वेळ वर्तमानपत्रात बघा, पुण्यातल्या ओळखीच्यांनाही विचारा. एसटीने स्वारगेटला उतरलं की बाग जवळच आहे. पहाटे पोचायचं तर आदल्या रात्री मुक्कामाची सोय हवी. गर्दी फार असते. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते आधी ठरवा. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. दागिने कमी घाला. शाल, सतरंजी आणि पाणी बरोबर घ्या.

दिवाळीत नाहीच जमलं, तर एरवी सकाळी जा. गणपतीचं दर्शन घ्या, हिरवळीवर बसा, गुडघे साथ देत असतील तर पर्वतीही चढा. आणि गाणं? ते आपल्यातलीच एखादी म्हणेल.

एके काळी पेशव्यांची असलेली बाग आज सगळ्यांची आहे, म्हणजे आपलीही. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.