नागपूरकर भोसल्यांचे ‘रघूजी’ हे नाव

नागपूरच्या दक्षिणेस, खापरीच्या बाजूला, विमानतळाला लागून जो नवा उद्योगभाग वसला आहे त्यास मिहान म्हणतात. हे एखाद्या गोंड राजाचे नाव असावे असे परक्यास वाटते. वस्तुतः इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते बनविलेले आहे. आपल्या काळाची ही रीतच आहे. याच मुलखात एके काळी थोरामोठ्यांच्या घरी नाव बनवीत नसत, ते पूर्वजांकडून मिळे, आणि त्याबरोबर कधी कर्ज मिळे तर कधी राज्य. अशांपैकी ‘रघूजी’ या एका नावाचा वृत्तान्त आज सांगावयाचा आहे.

रघू म्हणजे कालिदासाने ज्याच्या नावाने महाकाव्य रचले तो, प्रभू रामचंद्रांचा पणजोबा. संस्कृतात या शब्दाचा अर्थ वेगवान असाही होतो. त्यास आदराचा ‘जी’ लागला की रघूजी, आणि बोलण्यात राघोजी. नाव काही एकाच घराण्याच्या मालकीचे नव्हते. कुलाब्याच्या आंग्र्यांत राघोजी झाले. आणि कंपनी सरकारविरुद्ध बंड करून २ मे १८४८ रोजी ठाण्यास फाशी गेलेले राघोजी भांगरे महादेव कोळी होते. परंतु या नावास सिंहासन लाभले ते नागपुरास.

पहिले रघूजी हे बिंबाजी भोसल्यांचे पुत्र. शाहू छत्रपतींकडून त्यांना ‘सेनासाहेबसुभा’ हे पद मिळाले. १७३९ मध्ये गोंड राजा चांद सुलतान वारला, वारसाचा तंटा पेटला आणि राणीने वऱ्हाडातून रघूजींना मदतीस बोलाविले. तंटा मिटविण्यास आलेला माणूस १७४३ पर्यंत नागपूरचा धनी झाला! पुढे बंगालवर स्वाऱ्या झाल्या आणि १७५१ च्या तहाने ओरिसा व सालिना १२ लक्ष रुपये चौथाई पदरात पडली. आपल्याकडे हा पराक्रम म्हणून शिकवितात. बंगालच्या अंगाईगीतांत मात्र ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर हे मुलांना भिवविण्यासाठीच येतात, हेही विसरू नये.

१७५५ मध्ये ते वारले. जानोजी, मुधोजी, साबाजी व बिंबाजी हे त्यांचे चार पुत्र; त्यांतील बिंबाजी हे आजोबांचे नाव. नातवास आजोबांचे नाव ठेवावे ही आपली जुनी चाल, पण घरातील सुनांनी सासऱ्याचे नाव कसे उच्चारावे? म्हणून मुलास हाक मारण्यासाठी अप्पासाहेब, बापूसाहेब अशी दुसरी नावे निघाली. १८१७ मध्ये सीताबर्डीवर इंग्रजांशी ज्यांच्या फौजा लढल्या त्या अप्पासाहेबांचे खरे नाव मुधोजी, आणि तेही आजोबांचेच.

जानोजींना पुत्र नव्हता. त्यांनी मुधोजींचा मुलगा दत्तक घेतला. तो दुसरा रघूजी. या दत्तकाच्या पाठीमागे भावाभावांत रक्त सांडले. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले. पुढे १८०३ मध्ये असई, अडगाव व गाविलगड येथे पराभव होऊन देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. आजोबांनी मिळविलेला ओरिसा त्याच नावाच्या नातवाच्या हातून सुटला.

तिसऱ्या रघूजींची कथा मला सर्वांत करुण वाटते. अप्पासाहेबांना पदच्युत करून इंग्रजांनी १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींचा दौहित्र, गुजर घराण्यातील बाजीबा नावाचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा, गादीवर बसविला. दत्तविधान होताच बाजीबाचा रघूजी झाला. जपानातही मुलगा वयात येताना बाळपणाचे नाव टाकून नवे नाव घेई, आणि त्यात घराण्याचे ठराविक अक्षर असे. तोकुगावा घराण्यातील १५ शोगुनांपैकी ११ जणांच्या नावांचा आरंभ ‘इए’ या अक्षराने होतो, आणि त्याचा अर्थच मुळी ‘घर’ असा आहे. नागपूरच्या त्या बालकाला मात्र नाव आजोबांचे मिळाले आणि कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती गेला.

११ डिसेंबर १८५३ रोजी हे रघूजी निपुत्रिक वारले. राजघराण्याने यशवंतरावांस दत्तक घेऊन जानोजी हे कुळातलेच नाव दिले. नाव बदलण्यास डलहौसीची हरकत नव्हती, राज्य देण्यास होती. १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले. नाव तरीही घरात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणणारे राजेही रघूजीरावच होते.

२०२५ मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने एक तलवार विकत घेतली आणि ऑगस्टात ती मुंबईस आली. पाते विलायती घाटाचे, त्यावर देवनागरीत राघोजी भोसले हे नाव व सेनासाहेबसुभा हे पद कोरलेले. ती पहिल्या रघूजींची म्हणून ओळखली जाते. परंतु पद वंशपरंपरेने चालले आणि नावही. तेव्हा केवळ या दोहोंवरून आजोबा कोणते आणि नातू कोणता हे ठरत नाही. त्यासाठी मुठीची घडण, पात्याचे वय आणि कोरलेल्या अक्षरांचे वळणच पाहावे लागते.