परक्या गोदीतील ‘तलवार’

डहाणू तालुक्यातील चिखले हे समुद्रकाठचे गाव. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पाण्यात लोटल्या जातात. अशा किनाऱ्यावरील एखाद्या तांडेलाने सुताराकडे बांधावयास टाकलेली होडी वेळेवर तयार झाली नाही, तर त्याने काय करावे? हंगाम कोणासाठी थांबत नाही. तेव्हा दुसऱ्या बंदरातून त्याने तयार होडी घेतली, तर त्याला कोणी नावे ठेवणार नाही. परंतु दर काही वर्षांनी हाच प्रकार घडू लागला, तर घराच्या हिशेबातच कोठेतरी चुकत आहे, असे शेजारीपाजारी म्हणू लागतील. भारतीय नौदलाच्या फ्रिगेटांची गेल्या सुमारे तीस वर्षांची कथा काहीशी अशीच आहे.

प्रारंभ मात्र मोठा आशादायक होता. सरकारने १९६० साली ताब्यात घेतलेल्या माझगाव गोदीने ब्रिटिश आराखड्यावरून बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलास दिली आणि १९८१ पर्यंत त्या मालिकेतील सहाही नौका पूर्ण केल्या. १९८३ साली देशी आराखड्याची ‘गोदावरी’ आली. पुढे मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या नौकांच्या मागण्या जवळजवळ थांबल्या. १९९१ च्या आर्थिक संकटाने हात आणखी आखडला. जुन्या नौका निवृत्तीकडे झुकल्या आणि नव्या ‘शिवालिक’ मालिकेचा आराखडा अद्याप कागदावरच होता. म्हणून नोव्हेंबर १९९७ मध्ये रशियाशी तीन फ्रिगेटांचा करार झाला. ही सोय तात्पुरती होती. पण सेंट पीटर्सबर्गच्या गोदीतून निघालेली ‘तलवार’देखील सुमारे वर्षभराच्या विलंबाने, जून २००३ मध्येच दाखल झाली! विलंब ही केवळ देशी गोद्यांची मिरास नव्हे, हे यावरून दिसते.

‘शिवालिक’ २०१० साली आली. तिचा विशिष्ट पोलाद रशियाकडून वेळेवर मिळाला नाही आणि अखेर तो देशातच तयार करावा लागला. आराखड्यात बदल होत गेले, आणि मालिकेचा खर्च मूळ मंजुरीच्या तिपटीहून पुढे गेला. दरम्यान २००६ साली रशियाकडे आणखी तीन नौकांची मागणी नोंदविली गेली आणि २०१८ साली आणखी दोनांची. त्यांपैकी ‘तुशील’ डिसेंबर २०२४ मध्ये आणि ‘तमाल’ जुलै २०२५ मध्ये आली. यांची इंजिने युक्रेनची. रशिया व युक्रेन यांचे वैर जुंपल्यावर ती भारताने स्वतः घेऊन रशियन गोदीला पुरवावी लागली! परावलंबनाचा याहून बोलका धडा कोणता असू शकेल?

तयार जहाज घेण्याने तातडीची उणीव भरून निघते, हे नाकारता येत नाही. समुद्रावरील तेलविहिरी आणि व्यापारी मार्ग यांचे रक्षण आश्वासनांनी होत नाही. तथापि या व्यवहाराची खरी किंमत परकीय चलनातच मोजून भागत नाही. गोदी रिकामी पडली की वेल्डर, फिटर, आरेखक पांगतात. पुढची मागणी येते तेव्हा त्यांचे कसब पुन्हा पहिल्यापासून घडवावे लागते. त्यातून विलंब होतो आणि विलंबातून पुन्हा आयात. हे दुष्टचक्र मागणीच्या सातत्यानेच तुटेल.

‘तमाल’ ही परदेशात बांधून घेतलेली शेवटची युद्धनौका असेल, असे जाहीर झाले आहे. याच मालिकेतील दोन नौका गोवा शिपयार्डकडे सोपविण्यात आल्या, आणि माझगावची नवी ‘निलगिरी’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. ‘शिवालिक’ला तळपट्टी बसविल्यापासून सुमारे नऊ वर्षे लागली होती, नव्या ‘निलगिरी’ला सात. प्रगती आहे, पण समाधान मानावे एवढी नाही. एक मालिका संपण्यापूर्वीच दुसरीची मागणी नोंदविणे, बांधणी सुरू झाल्यावर आराखड्याला हात न लावणे आणि इंजिन देशात घडविणे, या तीन गोष्टी झाल्या तरच ती घोषणा टिकेल. अन्यथा पुढच्या हंगामातही तांडेल परक्या बंदराच्या वाटेवरच दिसेल.