मालक नव्वदीपार, संघाचं पुढे काय?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला इंडियाना पेसर्स हा तुलनेने लहान शहराचा संघ. १९८३ मध्ये मेल्विन आणि हर्ब सायमन या बंधूंनी तो विकत घेतला. मेल्विन २००९ मध्ये वारले. हर्ब यांचा जन्म १९३४ चा. त्यांच्यानंतर संघ इंडियानापोलिसमध्येच राहील का?

शंका निराधार नाही. सिएटलचा सुपरसॉनिक्स संघ २००६ मध्ये विकला गेला. नव्या मालकांना हवं तसं स्टेडियम मिळेना, तेव्हा २००८ मध्ये तो ओक्लाहोमा सिटीला हलला. खुद्द पेसर्स १९७७ मध्ये बुडण्याच्या बेतात होते. टीव्हीवर रात्रभर आवाहन करून आठ हजारांवर सीझन तिकिटं खपवली, म्हणून निभावलं.

आज पाया भक्कम आहे. राष्ट्रीय प्रक्षेपणाचं उत्पन्न तीसही संघांत समान वाटलं जातं, त्यामुळे लहान शहरही तग धरतं. स्टेडियम सार्वजनिक मंडळाच्या मालकीचं असून २०१९ च्या कराराने संघ २५ वर्षं बांधला गेला आहे. हर्ब यांचे चिरंजीव स्टीफन कारभारात आहेत; उद्योजक स्टीव्हन रेल्स यांनीही हिस्सा घेतला आहे. त्यामुळे मालकी बदलली, तरी संघ लगेच हलवणं सोपं नाही. खरी कसोटी करार संपत येईल तेव्हाची.